नागपूरच्या उन्हाळ्यात गेमिंग संगणक थंड आणि शांत कसा ठेवावा

मे महिन्याच्या दुपारी नागपुरात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि कूलर लावलेल्या खोलीतही भिंतीवरचे तापमापक ३३-३४ अंश दाखवत असते. अशा खोलीत गेमिंगचा संगणक चालवायचा म्हटले की इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अपुरे पडतात, कारण ते देणारा माणूस २१-२२ अंशांच्या खोलीत बसलेला असतो. संगणकातला पंखा असो की संगणकात पाणी खेळवणारा कूलर, यांपैकी कोणतेही साधन प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. आतली उष्णता बाहेर नेऊन टाकणे एवढेच त्याचे काम. त्यामुळे खोली १२ अंशांनी तापली आणि पंखे त्याच वेगाने फिरत राहिले, तर ग्राफिक्स कार्डही साधारण तेवढेच वर सरकते. प्रत्यक्षात पंखे त्याच वेगाने फिरत नाहीत, ते वेग वाढवतात आणि घरातल्यांना तो आवाज भिंतीपलीकडे ऐकू येतो. म्हणजे ‘संगणक तापतो’ आणि ‘संगणक ओरडतो’ या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि त्यावरचे उपाय कोणत्या क्रमाने करायचे याला फार महत्त्व आहे. आधी उष्णता कमी निर्माण होऊ द्यावी, मग हवेची वाट मोकळी करावी, त्यानंतर पंख्यांचा वेग बसवावा आणि खिशात हात सर्वांत शेवटी घालावा. बहुतेक लोक हा क्रम नेमका उलटा करतात. मीही केला होता.

आधी मोजमाप

एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्यावा आणि त्यातली सेन्सरची खिडकी उघडी ठेवून आपला नेहमीचा गेम अर्धा तास खेळावा. पाच मिनिटांच्या चाचणीवर विसंबू नये, कारण कॅबिनेटमधली हवा आणि हीटसिंकचे, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या पात्यांच्या ठोकळ्याचे, धातू पूर्ण तापायला वेळ लागतो. खेळून झाल्यावर ग्राफिक्स कार्डाचे तापमान, त्याचा हॉटस्पॉट (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचे तापमान), कार्डाने ओढलेले वॉट, प्रोसेसरचे तापमान आणि प्रत्येक पंख्याचे मिनिटाला होणारे फेरे वहीत टिपून ठेवावेत. त्याच ओळीत खोलीचे तापमानही लिहावे. ते नसेल तर डिसेंबरातल्या आणि मेमधल्या आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही.

आता हे आकडे पाहून लगेच घाबरण्याचे कारण नाही. एनव्हिडियाची अनेक कार्डे ८३ अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करू लागतात, त्यामुळे ३४ अंशांच्या खोलीत ७२ ते ७८ अंश हे चांगलेच म्हणायचे. एएमडीचे २०२२ साली आलेले रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जावेत अशाच हिशेबाने बनवलेले आहेत. तिथे ९५ दिसणे हा बिघाड नव्हे. लक्ष द्यायचे ते कार्डाचे तापमान आणि हॉटस्पॉट यांच्यातल्या अंतराकडे. हे अंतर १० ते १५ अंश असेल तर सगळे ठीक आहे. पण एकेकाळी १२ असलेले अंतर आता २५-३० झाले असेल, तर आतली थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावलेला उष्णतावाहक लेप, वाळली आहे किंवा बाजूला सरकली आहे असे समजावे.

आवाजाचेही असेच मोजमाप करावे, त्यासाठी यंत्राची गरज नाही. फॅन कंट्रोल या प्रोग्रॅममधून कॅबिनेटचे पंखे एकेक करून काही सेकंद थांबवावेत आणि कोणता थांबल्यावर खोली शांत झाली ते ऐकावे. माझ्याकडे सगळा दोष मी ग्राफिक्स कार्डाला देत होतो. प्रत्यक्षात मागचा १२० मिलिमीटरचा एकच पंखा १७०० फेऱ्यांनी फिरत होता, कारण तो प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेला होता आणि ब्राउझर उघडला तरी उसळी घेत होता.

उष्णता मुळात कमी होऊ द्या

या टप्प्यावर एक रुपयाही खर्च होत नाही आणि फायदा सर्वांत जास्त होतो, म्हणून इथे थोडे थांबतो.

पहिली गोष्ट म्हणजे फ्रेमची, म्हणजे कार्ड सेकंदाला तयार करत असलेल्या चित्रांची, संख्या बांधणे. तुमचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा, असेल तर सेकंदाला २२० फ्रेम तयार करून उपयोग नाही. वरच्या फ्रेम पूर्णपणे दिसतही नाहीत, पण त्यांची उष्णता मात्र खोलीत येते. गेमचा मेन्यू, थांबलेला खेळ, सामना जुळण्याची वाट पाहण्याचा पडदा अशा ठिकाणी तर कार्ड उगाचच जोरात राबत असते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ म्हणून पर्याय आहे, तिथे १४४ हर्ट्झसाठी १४० आणि ६० हर्ट्झसाठी ६० ठेवावे. रेडिऑन कार्डांच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी मर्यादा घालता येते. स्पर्धात्मक नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्यांना अधिक फ्रेममुळे प्रतिसाद किंचित लवकर मिळतो, हे खरे आहे. त्यांनी त्या एका खेळापुरती मर्यादा काढावी, पण गोष्टीच्या ओघात चालणाऱ्या खेळांना ती ठेवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्डाचा व्होल्टेज कमी करणे, म्हणजेच अंडरव्होल्टिंग. चिपने ओढलेल्या विजेचा मोठा भाग व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, १.०५ व्होल्टचे ०.९० व्होल्ट केले आणि वेग तोच राहिला, तर विजेच्या त्या भागात सुमारे २६ टक्के बचत होते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या लाखो चिपांपैकी सर्वांत कमकुवत चिपही चालली पाहिजे म्हणून कंपनी व्होल्टेज थोडा हात सैल सोडून ठेवते, आणि आपल्या वाट्याला आलेली चिप बहुधा त्याहून बरी असते.

कृती अशी. एमएसआय आफ्टरबर्नर हा ग्राफिक्स कार्डाची मांडणी बदलणारा प्रोग्रॅम उघडून कंट्रोल आणि एफ या कळा एकत्र दाबाव्यात. आडव्या अक्षावर व्होल्टेज आणि उभ्या अक्षावर वेग असलेला वक्र दिसेल. प्रथम कोअर क्लॉकचा, म्हणजे चिपच्या वेगाचा, सरकता खटका उणे २०० वर नेऊन संपूर्ण वक्र खाली आणावा. मग ९०० मिलिव्होल्टच्या उभ्या रेषेवरचा ठिपका पकडून वर न्यावा. माझ्याकडच्या आरटीएक्स ३०६० टीआय या २०० वॉटच्या कार्डासाठी मी तो १८०० मेगाहर्ट्झवर ठेवला. बरोबरची खूण दाबल्यावर त्या ठिपक्याच्या उजवीकडचा सारा वक्र सपाट होतो, म्हणजे कार्ड आता ९०० मिलिव्होल्टच्या वर जाणार नाही. यानंतर तासभर खेळून पाहावे. गेम आपोआप बंद पडला किंवा पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, तर वेग १५ किंवा ३० मेगाहर्ट्झने खाली आणावा. ही मांडणी संगणक सुरू होताच आपोआप लागू होण्याचा पर्याय आहे, पण आठवडाभर सगळे सुरळीत चालल्याशिवाय तो निवडू नये, नाहीतर चुकीच्या आकड्यांमुळे विंडोज सुरू होतानाच अडकण्याचा धोका राहतो. हे सारे किचकट वाटत असेल तर आफ्टरबर्नरमधला पॉवर लिमिटचा, म्हणजे कार्डाने ओढायच्या विजेच्या मर्यादेचा, खटका १०० वरून ८० टक्क्यांवर आणावा. बचत होते, फक्त वेग थोडा जास्त घटतो.

प्रोसेसरच्या बाबतीत रायझन ५००० आणि त्यापुढच्या मालिकांमधल्या बहुतेक प्रोसेसरांसाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या मांडणीत, प्रोसेसरचा व्होल्टेज कमी करू देणारा ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ असतो. सगळ्या कोअरना उणे १५ देऊन सुरुवात करावी. इथली मेख अशी की चूक झाली तर संगणक भाराखाली नव्हे, तर निवांत पडलेला असताना अचानक रीस्टार्ट होतो, म्हणून केवळ जड चाचणी पार पडली यावर समाधान मानू नये. इंटेलच्या प्रोसेसरांत पॉवर लिमिट तपासावे, कारण अनेक मदरबोर्ड ते मूळ मर्यादेच्या कितीतरी वर मोकळे सोडतात. कोअर आय५ १३६००के याची मूळ मर्यादा १२५ आणि थोड्या काळासाठी १८१ वॉट अशी आहे. दोन्ही ठिकाणी १२५ लिहिले तरी खेळताना फरक जाणवत नाही.

या बचतीचा परिणाम संगणकाच्या बाहेरही दिसतो. संगणकाने ओढलेली जवळपास सगळी वीज शेवटी त्याच खोलीत उष्णता म्हणून उतरते, आणि ३५० वॉटचा संगणक म्हणजे एक टनाच्या एसीच्या क्षमतेचा दहावा हिस्सा खाणारी शेगडीच होय. १०० वॉट वाचले आणि रोज चार तास खेळणे झाले तर महिन्याला १२ युनिटही वाचतात.

हवेची वाट

माझा संगणक पहिली दोन वर्षे सुताराकडून करून घेतलेल्या टेबलाच्या कप्प्यात होता. सनमायका लावलेला सुबक कप्पा, पुढे चुंबकाने बंद होणारे दार, मागे तारांसाठी मुठीएवढे भोक. संगणक आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होता आणि मी मात्र नवे पंखे विकत आणत होतो. अशा कप्प्यात संगणक असेल तर बाकीचे काही करण्याआधी तो बाहेर काढावा; शक्य नसेल तर दार काढून टाकावे आणि मागचा प्लाय निम्मा कापून घ्यावा. उघड्यावर ठेवतानाही भिंतीपासून १५ सेंटिमीटर अंतर सोडावे, आणि खाली सतरंजी असेल तर संगणक पाटावर ठेवावा, कारण एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बहुधा तळातून हवा घेतो.

कॅबिनेट स्वतःच हवा अडवते आहे का, हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. अर्धा तास खेळून तापमान स्थिर झाल्यावर कॅबिनेटचा पुढचा पत्रा किंवा काच काढावी आणि आणखी दहा मिनिटे खेळावे. तापमान एक-दोन अंशांनी उतरले तर कॅबिनेट निर्दोष आहे. पाच-सात अंशांनी उतरले तर पुढची काच हाच तुमचा रोग आहे आणि मागे कितीही महाग पंखे लावले तरी तो बरा व्हायचा नाही. समोर अखंड काच आणि कडेला बोटभर फट असलेली कॅबिनेटे दुकानात रंगीत दिव्यांमुळे फार देखणी दिसतात; विदर्भात राहणाऱ्याने ती तिथेच राहू द्यावीत आणि पुढे जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे.

पंख्यांची साधी रचना अशी की समोरून हवा आत यावी आणि मागून व वरून बाहेर जावी. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. तरीही शंका असेल तर पेटलेली उदबत्ती कॅबिनेटपासून वीतभर दूर धरून धूर कुठे जातो ते पाहावे. धूर आत ओढला जात असेल तिथे उदबत्ती क्षणापेक्षा जास्त धरू नये आणि राख आत जाऊ देऊ नये. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी, म्हणजे फटींमधून धूळ शोषली जात नाही आणि येणारी सारी हवा फिल्टरमधून गाळून येते.

आता विदर्भातल्या कूलरविषयी. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून येणारी हवा खोली दहाएक अंशांनी सहज उतरवते आणि संगणकालाही तिचा फायदा होतो, पण कूलरच्या थेट झोतात संगणक कधीही ठेवू नये. झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार हीटसिंकच्या पात्यांवर पांढरे पुट होऊन बसतात. दमट हवेमुळे चालू संगणकात दव धरेल ही भीती मात्र अनाठायी आहे, कारण दव हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर धरते आणि चालू संगणकाचे भाग हवेपेक्षा गरमच असतात. मुंबई, कोकण आणि गोव्यात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. तिथल्या खाऱ्या हवेने धातू गंजतात, तेव्हा महिनोन्‌महिने बंद पडून राहण्यापेक्षा संगणक अधूनमधून चालू केलेला बरा.

पंख्यांचा वेग

पंख्याचे गणित आपल्या बाजूचे आहे. फेरे २० टक्क्यांनी घटवले तर हवाही साधारण २० टक्क्यांनीच कमी होते, पण आवाज जवळजवळ ५ डेसिबलने उतरतो. फेरे निम्मे केले तर आवाज १५ डेसिबलने घटतो. त्यात तसाच दुसरा पंखा जोडला तर ३ डेसिबल परत वाढतात आणि हवा मात्र पहिल्याइतकी होते. म्हणजे जोरात पळणाऱ्या एका पंख्यापेक्षा रमतगमत फिरणारे दोन केव्हाही चांगले, आणि जागा असेल तिथे १२० ऐवजी १४० मिलिमीटरचे घ्यावेत.

दुसरे असे की एकसुरी आवाजाला कान सरावतो, चढउतार करणाऱ्या आवाजाला सरावत नाही. प्रोसेसरचे तापमान सेकंदाभरात १५ अंशांनी उसळते आणि तितक्याच लवकर खाली येते. पंखा त्याच्यामागे धावला तर दिवसभर हुंकार ऐकावे लागतात. म्हणून कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरला न बांधता ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाला बांधावेत, जे सावकाश चढते. हे बायोसमधून सहसा करता येत नाही, फॅन कंट्रोलमधून करता येते. तिथेच ‘हिस्टेरेसिस’ म्हणजे तापमान चार-पाच अंशांनी बदलल्याशिवाय पंख्याने हालू नये अशी अटही घालता येते. माझी मांडणी ५० अंशांपर्यंत ६०० फेरे, ७५ अंशांना १००० आणि ८० च्या पुढे मोकळीक अशी आहे. तीन पिनांच्या पंख्याला बायोसमध्ये ‘डीसी’ आणि चार पिनांच्या पंख्याला ‘पीडब्ल्यूएम’ निवडायला विसरू नये. तीन पिनांच्या पंख्यासाठी चुकून पीडब्ल्यूएम निवडले गेले तर तो कायम पूर्ण वेगाने फिरत राहतो आणि आपण वक्र बदलत बसतो.

किती शांतता हवी याचाही विचार करावा. उन्हाळ्यात डोक्यावर छताचा पंखा आणि खिडकीत कूलर घरघरत असताना संगणक ८०० फेऱ्यांवर आहे की १००० वर, हे कोणालाही ऐकू येत नाही. ती कसोटी डिसेंबरच्या रात्रीची.

धूळ आणि पेस्ट

दर दोन-तीन महिन्यांनी फिल्टर काढून नळाखाली धुवावेत आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच बसवावेत. वर्षातून दोनदा, माझ्या मते होळीनंतर आणि दिवाळीच्या साफसफाईच्या शेवटी, आतली धूळ काढावी. घराला रंग देताना किंवा भिंती घासताना संगणक चादरीने झाकून बंद ठेवावा, कारण पुट्टीची पूड फिल्टरलाही दाद देत नाही. प्लग काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरून संगणक गॅलरीत न्यावा आणि हातातला ब्लोअर वापरावा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवणे आवश्यक आहे. मोकळा सोडलेला पंखा भलत्याच वेगाने गरगरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होते. हीटसिंक आणि पंखा यांच्यामध्ये धुळीची गोधडीच साठलेली असते, ती हवेने हलत नसेल तर रंगकामाच्या मऊ ब्रशने सोडवावी.

थर्मल पेस्ट तीन-चार वर्षांनी बदलली तर पुरते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि मध्यभागी वाटाण्याएवढा ठिपका ठेवावा. एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची खाच) रायझन असतील तर प्रोसेसरवरचा कूलर सरळ वर ओढू नये. मी थंड संगणकाचा कूलर असा ओढला तेव्हा घट्ट झालेल्या पेस्टने प्रोसेसर लॉक लावलेल्या सॉकेटमधून उपटून आणला. कूलर उलटा केला तर प्रोसेसर खाली चिकटलेला आणि कोपऱ्यातल्या चार पिना वाकलेल्या. शिसे सरकवायच्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या रिकाम्या नळीने त्या एकेक करून सरळ करायला दीड तास लागला. म्हणून आधी दहा मिनिटे खेळून पेस्ट मऊ होऊ द्यावी, संगणक बंद करावा, आणि स्क्रू किंवा कडी सोडवल्यावर कूलर हळूहळू डावीउजवीकडे पिळत सोडवावा.

आणि मग खरेदी

एवढे सगळे करूनही प्रोसेसर तापत असेल, तर प्रोसेसरच्या डब्यातून आलेला बुटका कूलर बदलून उभ्या उंच हीटसिंकचा टॉवर कूलर घ्यावा. दोन पंख्यांचा थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई साधारण १५५ मिलिमीटर उंच आहे, तेव्हा कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची किती दिली आहे ते आधी वाचावे. पाण्याच्या कूलरचा मोह गेमिंगसाठी आवरावा असे माझे मत आहे. खेळताना प्रोसेसर फार वीज ओढत नाही आणि पंपाची बारीक गुणगुण मात्र कायमची मागे लागते. घेतलाच तर रेडिएटर, म्हणजे पाणी थंड करणारा भाग, वर बसवावा, म्हणजे नळीतली हवा पंपात न साचता रेडिएटरच्या वरच्या टोकाला जाते.

पंखे बदलूनही एक चिरका, रातकिड्यासारखा आवाज उरला तर तो कार्डातल्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांचा, असतो. फ्रेमची मर्यादा घातल्यावर तो बहुधा कमी होतो, तेव्हा त्यासाठी कार्ड बदलण्याची घाई करू नये. जुनी फिरती हार्ड डिस्क कॅबिनेटला थरथर देत असेल तर तिच्या स्क्रूखाली रबराच्या चकत्या घालाव्यात.

शेवटी फॅन कंट्रोलमध्ये दोन मांडण्या जपून ठेवाव्यात, एक उन्हाळ्याची आणि एक हिवाळ्याची. मी दिवाळीच्या सफाईनंतर दुसरी लावतो. खोली २२ अंशांवर आलेली असते, कॅबिनेटचे पंखे ६०० फेऱ्यांच्या वर जात नाहीत, आणि टेबलावरच्या घड्याळाची टिकटिक पुन्हा ऐकू येऊ लागते.